मूस धरून बसलेला मजूर

मी, भास्कर दत्तात्रय वडणगेकर, वय एकाहत्तर, मूळ कोल्हापूरचा, हल्ली मुक्काम आखन, जर्मनी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि सकाळच्या चहानंतर लिहीत आहे. टाइप केलेलं इथल्या कायद्याला चालत नाही, तेव्हा माझं अक्षर सर्वांनी सोसावं.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक पत्नी नंदिनीची. "आई, आता लहान घर बघ," असं तिला कोणीही सुचवू नये.

२. माझी हत्यारं चिरंजीव उत्कर्षला. ड्रिल शेजाऱ्यांना देऊ नये. मागच्या खेपेला ते आठ महिन्यांनी परत आलं, तेही बिटांशिवाय.

३. आता चित्र. १८३०च्या सुमाराचं, जलरंगातलं, फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, घेतलेलं. वर भलंमोठं जांभळं आभाळ, मध्ये जस्ताच्या कारखान्याची धुराडी, खाली चार मजूर. उत्कर्षला ते विकायचं आहे. विकू नये. ते नात ओवीला द्यावं. मागाहून वाद नको म्हणून कारणही लिहितो.

मी तीस वर्षं ओतशाळेत काढली. आल्यागेल्याला छातीठोकपणे सांगायचो, "कोपऱ्यातल्या त्या मजुराच्या हातात मूस आहे, धातू वितळवायचं भांडं." ओवी सहा वर्षांची असताना तिलाही सांगितलं. तिच्या लेखी मूस म्हणजे जर्मन मूस, सफरचंदाचा शिजवलेला गर. ती म्हणाली, "आजोबा, वो इस्ट सायन ल्योफेल?" त्याचा चमचा कुठाय? मी पोट धरून हसलो. ती मात्र माझं भिंग घेऊन स्टुलावर चढली आणि ओरडली, "दा!" तो बघा!

चमचा होता. माणूस जेवत होता.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात भट्टीपाशी असेच जेवायचे, डबा मांडीवर घेऊन. मी ते कितीदा पाहिलं होतं, तरी चित्रात मला फक्त काम दिसलं. याची मला आजही लाज वाटते.

४. भिंगही ओवीला. चित्रामागची "मूस धरून बसलेला मजूर" ही माझी चिठ्ठी तिने काढून टाकावी, नवी लिहावी. जर्मनमध्ये लिहिली तरी चालेल. चित्र जेवणाच्या टेबलासमोर लावावं.

इथे साक्षीदार लागत नाहीत, पण साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र मला अळणी वाटतं. म्हणून आमचे स्नेही सत्यजित आणि मालिनी यांना आज दुपारी बोलावलं आहे. नंदिनी, त्यांना आधी जेवायला वाढ. सह्या मग.

आखन, १२ ऑक्टोबर २०२४
सही: भास्कर द. वडणगेकर
साक्षीदार: १. सत्यजित (जेवून) २. मालिनी (जेवून)