तवेउनी जोडणाऱ्या अकरा ओळी

सुवा,
मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय केलेरा,

मामींना नमस्कार. आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा दुखतो, तरी चर्चला चालतच जाते. तुझ्या हॉटेलात सध्या पाहुण्यांची गर्दी असेल. हे पत्र मामांच्या हाती देते आहे. यांगोनाची मुळं विकून झाली, उद्याच्या बोटीने ते निघतील. मेसेज पुसता येतो, म्हणून कागद.

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तीन वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, नकाशे काढणाऱ्या एका ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये चूक सापडली.
२. अकरा ओळींची दुरुस्ती पाठवली गेली.
३. ती स्वीकारली गेली.
४. त्या कामामुळे इथल्या एका नकाशांच्या कंपनीने मला मुलाखतीला बोलावलं.
५. मुलाखत गेल्या गुरुवारी झाली. निकाल लागायचा आहे.

वाचून पाहिलं. एकही वाक्य खोटं नाही. पण पहिल्या तीन वाक्यांत माणूसच नाही.

काल मामा जेवताना म्हणाले, "तुमच्या दोघींचं काय बिनसलंय गं? तुझं नाव काढलं की केलेरा भांडी घासायला उठते. घर नुसतं लख्ख झालंय." आई हसली. मी पाणी आणायला उठले.

तर दुसरा मुद्दा पुन्हा लिहिते. तो प्रोग्रॅम तुमच्या तवेउनी बेटाचे दोन तुकडे करत होता. एकशे ऐंशी रेखांश बेटावरून जातो, म्हणून अर्धं बेट नकाशाच्या उजव्या टोकाला, अर्धं डाव्या, आणि मधे सगळ्या जगावरून ओढलेली एक आडवी रेघ. तू म्हणाली होतीस, "बघ, म्हणून मला शाळेत उशीर व्हायचा, रोज पृथ्वी ओलांडत होते." बाकी सगळे हसले आणि विसरले. तू चार दिवस बसून त्या अकरा ओळी लिहिल्यास. मग मामांची पाठ धरली आणि तू शिक्षण अर्धवट सोडून गावी गेलीस. धक्क्यावर म्हणालीस, "पाठव तू. नाव माझं टाक, मोठ्या अक्षरात. नापास करणाऱ्या त्या मास्तरला दिसू दे." मी हो म्हणाले.

पाठवताना लेखकाच्या नावाचा रकाना होता. साधारण तीन मिनिटं मी त्याच्याकडे बघत होते. म्हणजे विसरले नाही. त्यात मी माझं नाव घातलं.

तुला कळलंय हे मला तुझ्या बहिणीच्या लग्नात कळलं. मासा वाढताना तू म्हणालीस, "घ्या ना अजून थोडा." आते-मामे बहिणी आपल्याकडे असं बोलतात का? एरवी म्हणाली असतीस, "गिळ, सुवात तुम्ही डब्यातलाच चाटता." तो आदर ऐकला आणि मी ताट बाजूला सारलं.

आता मुलाखत. कंपनीच्या शलेशनी मॅडमनी पडद्यावर त्याच अकरा ओळी उघडल्या. "वादळानंतर पूर्वेकडच्या बेटांचे नकाशे आम्ही याच्यावर काढतो. सुचलं कसं गं तुला?"

उत्तर मी पाठ करून गेले होते. तोंडातून आलं, "तवेउनीत राहणारीलाच सुचेल."

"तू तवेउनीची?"

"नाही. माझी मामेबहीण. काम तिचं आहे."

मग सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाच महिने झाले, दोन जागांसाठी माणसं शोधतेय. सगळीकडे हेच काम येणारी माणसं मागतायत, आणि अशी पोरगी तिकडे खोल्यांची बुकिंग घेत बसलीय?"

मी म्हटलं, तिची पदवी राहिली आहे.

"पदवी विचारली मी? पदव्यांची चळत पडलीय टेबलावर. मला उघड्यावर केलेलं, कुणालाही तपासता येणारं काम हवंय. तिला बोलायला सांग. घरून करता येईल. आणि तू अठरा तारखेला, सोमवारी ये. येताना तुझं स्वतःचं काय आहे ते घेऊन ये."

माझी स्वतःची चार कामं आहेत. लहान आहेत. ती घेऊन जाणार आहे. त्यावर जागा मिळेल असं मला वाटतं. नाही मिळाली तर आणखी करीन. केलेरा, गेल्या तीन वर्षांत इतकं हलकं मला वाटलं नव्हतं, हेही नोंदवून ठेवते.

प्रोग्रॅममधली जुनी नोंद कुणालाच पुसता येत नाही. नियम बरोबर आहे. तिला जोडून दुरुस्तीची नोंद करता येते. ती मी लिहून तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांना पाठवली. आता त्यांना फक्त तुझी संमती हवी आहे.

रीतीप्रमाणे मी देवमाशाचा दात घेऊन तुमच्या दारात क्षमा मागायला बसलं पाहिजे. बसेन. पण तिथे थोरले बोलतील आणि त्यांच्यासमोर तुला मान डोलवावी लागेल. त्याआधी हे तुला एकटीला सांगायचं होतं, नाही म्हणायची मोकळीक ठेवून.

तू नाही म्हणालीस तरी मॅडमना सांगितलेलं मी फिरवणार नाही. त्यांचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. मला न विचारता त्यांना फोन कर.

मला फक्त तुझं पूर्ण नाव पाठव, तुला नोंदीत जसं हवं तसं लिहून. शुक्रवार, २२ ऑगस्टपर्यंत उत्तर दे.

ते येईपर्यंत 'तुझी' न लिहिता,
असेनाथा