यादीतला शेजार

फर्मिन,

यंदा मतदान केंद्राच्या अध्यक्षपदासाठी चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. पासष्टीनंतर नाही म्हणता येतं. मी नकार दिला नाही, कारण मतदारयादीत तुझं नाव अजून माझ्या नावाच्या लगेच वर आहे.

अठ्ठ्याहत्तर साली नव्या राज्यघटनेवर मत द्यायला आपण याच शाळेत आलो होतो. मी होकार दिला, तू नकार. "हुकूमशहाच्या त्याच जुन्या साहेबांच्या कागदाला हो म्हणतेस?" असं ओरडलास आणि आठवड्याभरात बार्सेलोनाला निघून गेलास. नाव मात्र तिकडे हलवलं नाहीस. का, ते कधी विचारलं नाही.

आज दिवसभर मी नावं मोठ्याने वाचली. यादीवर पट्टी सरकवत माझ्या मदतीला बसलेला बेकरीवाला एउलोहियो तुझ्या नावापाशी थांबून म्हणाला, "काकू, हा बाबा कधी फिरकलेला नाही. कापायला सांगा की!"

"तू पट्टी धर गपचूप," मी म्हटलं.

संध्याकाळी आठ वाजता दार लावण्याआधी नियमाप्रमाणे विचारावं लागतं, "कुणी राहिलंय का?" मग शेवटी आम्ही केंद्रावरची माणसं मत देतो.

नियम एकदाच विचारण्याचा आहे. मी दाराकडे बघत तीनदा विचारलं.

तुझ्या खालच्या ओळीतली,
कासिल्दा