मंगळवारी मी तुझ्याकडे होते

काळेवाडी,
डिसेंबर १९७३

तीर्थस्वरूप भिमाजीदादा यांस,

काळेवाडीहून धाकटी बहीण सोजरा हिचा दंडवत. (जमिनीवर घालायचा दंडवत आता कंबर घालू देत नाही, म्हणून कागदावर घालते आहे. कागदावरून उठायला कुणाचा हात लागत नाही.) आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुझे गुडघे, तुझा खोकला, तुझी ओटीवरची बाज आणि त्या बाजेवर पडलेला तू, असे सगळे जिथल्या तिथे खुशाल असाल असं धरून चालते.

चार कोसांवर राहून ही बया पत्र कशाला लिहिते, असं तू म्हणशील. कारण सांगते. मी समोर आले की तू बहिरा होतोस. गेल्या वेळी मी तासभर बोलले आणि शेवटी तू म्हणालास, 'व्हय, पाऊस कमीच हाय यंदा.' मी पावसाचा प सुद्धा काढला नव्हता. (प कसा दिसतो ते मला ठाऊक नाही, पण काढला नव्हता.) कागद मात्र तुला बरोबर ऐकू येतो. चौथी शिकलेला माणूस तू, आणि आलेलं पत्र ओटीवर बसून साऱ्या आळीला मोठ्यानं वाचून दाखवायची तुझी खोड वहिनी गेली तरी गेलेली नाही, हे मला कळलं आहे. तसंच हेही वाच. लिहिते आहे माझी सून वासंती. ती बालवाडीत शिकवते, त्यामुळे मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' लिहिते आणि मी 'गप' म्हटलं की ती गप बसत नाही. मधेच कंसात तिचं काही घुसलं तर ते माझं समजू नये.

आता मुद्द्याचं. गेल्या मंगळवारी मी दिवसभर तुझ्याकडे होते. तुला ठाऊक नसेल म्हणून कळवते. सकाळी आले, तुझी सून मळ्यात गेली होती म्हणून मीच चूल पेटवून मेथीची भाजी आणि भाकरी केली, आपण वहिनीची आठवण काढली, जरा रडलो आणि तिन्हीसांजेला मी परत निघाले. माझ्या मुकुंदानं विचारलं तर एवढंच सांगायचं. जास्त रंगवू नकोस, तुला रंगवायची सवय आहे. आणि तू हे मोठ्यानं वाचतो आहेस म्हणजे साक्षीदारही आपोआप जमले. त्यांनाही दंडवत.

(मामा, आई मंगळवारी तुमच्याकडे नव्हत्या हे मला आत्ता लिहिता लिहिता कळतं आहे. — वासंती)

पेन थांबलंय तिचं. लिही गं, अजून पुढे आहे. तर दादा, मंगळवारी मी चेसीवर होते.

चेसी म्हणजे काय ते सांगते, कारण आधी मलाही भलतंच वाटलं होतं. आमच्या मागच्या खोलीत ज्योतीराम नावाचा बीडकडचा भाडेकरू आहे. चाळिशीचा, तीन मुलींचा बाप, रस्त्यात मारुती दिसला की चप्पल काढणारा. तो राहायला आला त्याच आठवड्यात त्याची बायको नळावर सहज म्हणाली, 'ह्ये काल चेसी घिऊन मुंबईला गेलेत, चार दिस येत न्हाईत.' शेजारची छबूबाई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. चेसी हे नाव काही आम्हाला घरंदाज बाईचं वाटलं नाही. नवरा असा गावाला गेलेला आणि ही घासून घासून हंडा चकचकीत करते आहे, तिच्या धीराचं मला फार कौतुक वाटलं. चार दिवस मी तिला कालवण पोचवलं. छबूबाईनं तिला सोमवार धरायला सांगितले. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, आता मद्रासला दोन चेसी न्यायच्या आहेत, एक हे नेतील, एक यांचे मित्र. तेव्हा मात्र छबूबाईनं त्या घराचं पाणी प्यायचं सोडलं, आणि शेवटी मुकुंदानं कंपनीतून आल्यावर उलगडा केला.

कंपनीतून मालमोटार निघते ती नुसती हाडं घेऊन, तीच चेसी. पुढे इंजिन, खाली चाकं, मधे ते गोल सुकाणू. ना छप्पर, ना दार, ना पाठ टेकायला काही. ज्योतीरामसारखा ड्रायव्हर फळी बांधून तिच्यावर बसतो, डोक्याला फडकं, डोळ्यांना काळा चष्मा, आणि उघड्या वाऱ्यावर ती हाडं हाकत मुंबई नाही तर मद्रास गाठतो. तिकडे गेल्यावर तिला अंग, कपडे, दागिने काय ते चढतात. लोक रोज बघतात, त्यांना काही वाटत नाही. मी पहिल्यांदा रस्त्याच्या कडेला उभं राहून नीट पाहिली आणि घरी जायची विसरले. दादा, ती आपल्या आबांची गाडी होती. बैल तेवढे पोटात घातलेले.

तुला आठवण द्यायला नको, पण आळीतल्या पोरांना कळावं म्हणून सांगते. आबा चाकणच्या बाजारात कांदा भरायचे, बोरघाट उतरून खाली खोपोलीला न्यायचे आणि येताना मीठ आणायचे. उतारावर गाडी पळू नये म्हणून मागे झाडाची फांदी बांधत, ती फरफटत येई, आणि परत आल्यावर आई त्याच फांदीचं सरपण करी. मानमोडीच्या तापाच्या आदल्या साली तू बारा वर्षांचा होतास, तुला बरोबर नेलं. मी नवाची. मी चाकाच्या आऱ्याला मिठी मारून बसले होते आणि आबांनी माझं एकेक बोट सोडवलं. म्हणाले, सोजे, पुढच्या खेपेला तू. तू आठ दिवसांनी परत आलास तो मिशा फुटल्यासारखा चालत आलास आणि सांगितलंस, घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी थांबली की खाली समुद्र दिसतो. मग मानमोडी आली. आबा तीन दिवसांत गेले. बैल विकले. पुढची खेप राहिली ती राहिलीच.

त्या साली ज्वारीच्या राखणीला आपल्या दोघांना माळ्यावर बसवायचे. तू गोफण फिरवायचास आणि मी म्हणायचे, दादा, समुद्र सांग. रोज दुपारी सांगायचास. एके दिवशी निळा, एके दिवशी हिरवा. गलबतं आधी चार होती, सुगीपर्यंत बारा झाली. एकदा तर तू देवमाशाच्या पाठीवर बगळे बसवलेस. आपण दोघं समुद्रात आणि निम्मं कणीस पाखरांच्या पोटात, त्यावरून आईनं आपल्याला एकाच काठीनं बडवलं होतं. पुढे माझं लग्न झालं, तुझं झालं. ह्या पंचावन्न वर्षांत मी आळंदी पाहिली, पुणं पाहिलं, दवाखाने तर किती पाहिले, पण घाटाच्या तोंडाशी माझं पाऊल गेलं नाही. मुकुंदाला म्हटलं की म्हणतो, 'आई, ह्या वयात घाटात काय ठेवलंय, मळमळेल.' तुझ्यापाशी काढावं तर तुझं एकच, आता आपण वरच्या गाडीची वाट बघायची. वरची गाडी तिच्या वेळेनं घरपोच येते रे. तिच्यासाठी वर्षभर आधी स्टँडवर जाऊन झोपावं लागत नाही.

ज्योतीरामला पटवायला मला आठ दिवस आणि दोन बरण्या लोणचं लागलं. तो म्हणायचा, 'आजी, कागदावर मानूस एकच लिव्हलेलं असतंय.' मी म्हटलं, मग मला मानूस धरूच नको, सामान धर. शेवटी कंपनीपासून लांब, चिंचवडच्या पुढे वडाखाली उभं राहायचं ठरलं. मंगळवारी सकाळी मी तिथे गाठोडं घेऊन उभी राहिले. (गाठोड्यात तुझ्यासाठी म्हणून वासंतीनं दिलेल्या दशम्या होत्या. चांगल्या झाल्या होत्या.) चाकावर पाय देऊन चढताना आधी मी पोचले आणि जरा वेळानं लुगडं पोचलं. त्यानं मला स्वतःचा जुना चष्मा घातला, डोक्याला टॉवेल बांधला, कमरेला दोर बांधला आणि 'जय बजरंगबली' म्हणून डोळे मिटले. मी म्हटलं, बाबा, तू उघडे ठेव, मिटायचं काम माझं.

वारा असा लागतो की तोंड उघडलं तर आत शिरतो आणि निघायचं नाव घेत नाही. त्यामुळे देहूरोडपासून वडगावपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. (ह्यावर माझा विश्वास नाही. — वासंती) देहूरोडला लष्कराच्या गाडीतून शिपाई चालले होते, त्यांनी माझा चष्मा पाहून सलाम ठोकला. मीही ठोकला. लोणावळ्याच्या अलीकडे नाक्यावर एका कारकुनानं अडवलं आणि पेन्सिल माझ्याकडे करून विचारलं, हे काय आहे. ज्योतीराम नुसता कागदच चाळायला लागला. मग मीच चष्मा वर केला. म्हटलं, 'सुट्टा भाग हाय कंपनीचा. लई जुना झालाय, बदलून आनायला चाललाय.' कारकून म्हणाला, 'नवीन मिळाला तर आमच्या म्हातारीसाठी पण एक बघा,' आणि सोडलं.

मग घाट. वळणावर गाडी आबांच्या पवळ्या बैलासारखी घशातून गुरगुरते आणि पुढे जायच्या आधी मागे रेटते. ज्योतीराम एकदाही बोलला नाही. आबाही उतारावर बोलत नसत, असं तूच सांगितलं होतंस. शिंगरोबापाशी तो थांबला, सगळेच ड्रायव्हर थांबतात, पाया पडायला उतरला. मी उतरले नाही. गाडीवर बसूनच बघायचं होतं. खाली दरी, दरीत खोपोली, धुराच्या दोन रेघा, आणि पलीकडे, दादा, समुद्र. तू सांगितलास तसाच. निळा, कडेला पांढरी किनार, आणि गलबतं बरोबर बारा. आळीला सांग, माझा भाऊ पंचावन्न वर्षं सांगतो आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. मला अक्षर येत नाही, पण खरं आहे.

खोपोलीला ज्योतीरामनं मला एस.टी.त बसवलं, कंडक्टरला तीनदा सांगितलं आणि स्वतः पुढे गेला. घरी पोचले तर चष्म्याची दोन गोल कडी सोडून माझं तोंड काजळीनं काळं. मुकुंद म्हणाला, 'मामांकडे दिवसभर चूल फुंकत होतीस काय?' मी म्हटलं, 'तुजी मामी गेल्यापासनं त्या घरच्या चुलीला जाळच धरत न्हाई.' बिचारा डोळे पुसत आत गेला. मला वाईट वाटलं. थोडं.

बाकी काय लिहिणं. तुझ्या घरच्या थोरांना दंडवत, लेकरांच्या तोंडावरून हात, गोठ्यात कुणी उरलं असेल तर त्याच्या पाठीवरूनही.

तुझी बहीण
सोजरा
(अंगठा तिचाच, डाग वासंतीच्या टेबलक्लॉथला.)

ता. क. सूनबाई मुकुंदाला सांगणार नाही असं म्हणते. (मामा, त्या दिवशी तोंड धुतल्यावर मोरीतलं पाणी मी पाहिलं होतं. मेथीच्या भाजीनं असं पाणी होत नाही. पण कुणी विचारलंच नाही. — वासंती)

आणखी ता. क. हे मोठ्यानं वाचू नकोस. ओठ मिटून वाच, चौथीपर्यंत तेवढं शिकवलं असेल.

दादा, तिथून समुद्र दिसत नाही. धुकं नव्हतं, दिवस लख्ख होता. मी चष्मा काढून बघितलं, टॉवेलनं डोळे पुसून बघितलं. ज्योतीरामला विचारलं तर म्हणाला, 'समिंदर हितून कुठला आजी, आजून दोन-तीन तास हायत.' मी इतकी हसले की त्याला वाटलं घाटानं माझं डोकं फिरलं. मग बराच वेळ हसले नाही. दारात धाकटी उभी आहे, तिला काय द्यायचं म्हणून बारा वर्षांच्या पोरानं मिठाच्या गोणीचा समुद्र केला. आणि आबा गेल्यावर मी रोज मागत राहिले म्हणून तू रोज वाढत राहिलास. मी रागावलेली नाही. त्या साली आपल्या घरात पोटभर म्हणून तेवढंच होतं.

तर आता आपण दोघांनीही समुद्र बघितलेला नाही. जानेवारीच्या नऊ तारखेला, बुधवारी, ज्योतीराम मुंबईच्या गोदीत चेसी पोचवणार आहे. तिथे ती बोटीवर चढते, म्हणजे पुढे रस्ता संपतोच. सकाळी सातला वडाखाली ये. फळीवर तिघं मावतात, मी सरकून पाहिलं आहे. गुडघ्यांचं सांगू नकोस, तिथे गुडघे मिटूनच बसायचं असतं. आणि आता वहिनी नाही तर कशात काही नाही, हेही सांगू नकोस. वहिनीनं तुला एवढा वेळ बाजेवर पडू दिलं असतं का, ते तूच मनाशी बोल. घरी सांग, सोजराकडे चाललोय. मी सांगेन, दादाकडे चाललेय. एका दिवसापुरते आपण दोघं एकमेकांकडे पाहुणे.

न आलास तरी मी जाणार आहे. बघून येईन, थेट तुझ्या ओटीवर बसेन आणि साऱ्या आळीला खरा समुद्र सांगेन. आलास तर तूच सांग, मी मान हलवीन. फक्त एक. तो तुझ्या समुद्राहून लहान निघाला, तर दोघांनीही गप्प बसायचं.