चापाचं वजन

सोमवार, ४ तारीख

लागले बाई एकदाची कामाला! हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात, बंदुका-पिस्तुलांचे चाप तपासायला. मागची खोली माझी एकटीची. लाकडी बाक, दिवा, पक्कड आणि स्प्रिंगचा काटा. काट्याचा आकडा चापाला अडकवायचा, ओढायचं, किती किलोला चाप सुटतो ते चिठ्ठीवर लिहून खाली सही करायची. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. हे काम बायकांच्या बोटांचं नाही, असं त्यांचं मत पडलं. मी म्हटलं, आधी बोटं बघा, मग बोला. डोळे मिटून पाच चापांची वजनं सांगितली, पाचही बरोबर. मग कुठे चहा मागवला त्यांनी.

मंगळवार, ५

आज दोन रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवून तपासले. एकाचा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा तुकडा, बाहेर दिसणारा. दुसऱ्याचा पोटात झाकलेला. बाहेरचा घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला की चाप वाळक्या काडीसारखा कट्‌कन सुटतो. नुसता चाप ओढला तरी घोडा उठताना दिसतो, म्हणजे डोळा बोटाला सांगत राहतो, आता आलं, आता आलं. झाकलेल्यात डोळ्याला सुट्टी. एकच लांब ओढ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी, सगळी भिस्त बोटावर. शिवाय बाहेरच्या घोड्यावर अंगठा दाबून त्याला थोपवता येतं. झाकलेल्याला थोपवणार कुठे?

हा झाकलेला शाळेतल्या एका बाईंचा. त्यांच्या नवऱ्याने जुनाच विकत घेतलाय. पर्समधून काढताना घोडा अडकायला नको, म्हणून असला. बाईंना चाप जड जातो, हलका करून द्या म्हणाला. त्याची पाठ वळल्यावर बाई हळूच मला म्हणाल्या, "मला नकोच आहे हो हे. माझी चार वर्षांची लेक दिवसभर त्याच पर्समध्ये बिस्किटं शोधत असते."

लेक दारातच उभी होती. तिने मला जीभ काढून दाखवली. मीही दाखवली.

बुधवार, ६

झाकलेल्याचा चाप सकाळी साडेपाच किलो. जेवून आले, तर साडेचार. मी साधी कानसही लावलेली नाही. दहादा मोजलं. काटा बिघडला म्हणावं, तर बाहेरच्या घोड्याचा चाप सकाळी होता तेवढाच. उस्ताद हसले. म्हणाले, फुकटात हलका झाला, गिऱ्हाईक खूश, तुझं काय जातंय? मला काही हसू आलं नाही. शेवटच्या ओढीला वाटलं, ओढतंय दुसरंच कुणीतरी, आतून, आणि माझं बोट नुसतं सोबतीला. दोनदा साबणाने हात धुतले.

गुरुवार, ७

सकाळी तीन किलो. दुपारी दोन. घाबरले, लिहायला कसली लाज. पण भ्यायले म्हणून शेपूट घालणारी मी नव्हे. म्हटलं, थांब, तुझं पाणीच जोखते. बाजूची पट्टी उघडली, आतला घोडाच काढला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला. आपट आता काय आपटायचं ते! गोळ्यांची सगळी घरं उजेडाकडे धरून पाहिली, आरपार मोकळी. भिंतीवर धरून चाप ओढला.

धाडकन आवाज. भिंतीत भोक. घोडा माझ्या खिशात.

उस्ताद धावत आले. गोळी राहिली असणार, तुझाच निष्काळजीपणा, म्हणाले. घोडा तळहातावर ठेवून दाखवला, तर बघायलाही तयार नाहीत.

शुक्रवार, ८

काटा लावलाच नव्हता. रिव्हॉल्व्हर बाकावर पडला होता तसाच — चाप मागे गेला. हळू. अर्धा. मी बघतेय हे कळल्यासारखा थांबला.

सही करणार नाही म्हणून सांगितलं. उस्तादांनी चिठ्ठी ओढून स्वतःच सही ठोकली. बाई उद्या अकराला घेऊन जाणार. बाईंना फोन केला, तो नवऱ्याने उचलला, अर्ध्यात कापला. सोमवारपासून येऊ नकोस, असं उस्तादांनी बजावलं. मी म्हटलं, शनिवार अजून माझा आहे.

शनिवार, ९

आतून कडी लावलीय. बोट चापाच्या मागे घातलंय, चाप आणि भोवतीचं कडं यांच्या मधे. मागे जायला जागाच नाही त्याला. झाकलेल्याला थोपवायचं ते इथेच. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर माफ.

पावणेअकरा. ओढतोय. दहा किलो असेल — नाही, जास्त — बोट काळंनिळं —

अकरा. आले. उस्ताद दार बडवतायत. पोरीचा आवाज — बिस्किट मागतेय —

नळी दाराकडे वळतेय. मी भिंतीकडे फिरवते, पुन्हा दाराकडे. दोन्ही गुडघ्यांत दाबली. आता माझ्याकडे. असू दे. तिच्याकडे नाही ना, मग झालं.

हाड वाजलं.

नाही काढणार. ओढ. हे तुटलं तर दुसरं घालीन, माझ्याकडे अजून नऊ आहेत, ऐकलंस? तुझ्याकडे चाप एकच आ