सीताक्का पाचच्या वायफायवर

सप्तापूर, धारवाड
सोमवार

तीर्थरूप सीताक्कास धाकट्या भागीरथीचा वाकून नमस्कार (गुडघे दुखतात, म्हणून कागदावरच वाकले). तुझं बीपी कसं आहे? आमटीत मीठ कमी पडलं म्हणून सुनेवर तोंड टाकू नकोस, डॉक्टरांनीच सांगितलंय तसं.

तुला ठाऊक नसेल, पण गेले तीन महिने तू माझ्याकडं राहायलीस. उत्तराचं पुण्याहून एकच टुमणं, "आई, एकटी राहू नकोस, कुलूप लावून माझ्याकडं ये." लेक गुणी आहे गं, पण तिच्या अकराव्या मजल्यावर मी बोलू कुणाशी? लिफ्टला कन्नड येतं काय? म्हणून सांगून टाकलं, सीताक्का आलीय राहायला. दर रविवारी ती कम्प्युटरवर दिसायच्या आधी मी मागच्या खुर्चीत उशी ठेवायची, वर तू विसरलेली हिरवी शाल पांघरायची. (उशी तुझ्यापेक्षा कमी बोलते, एवढाच फरक.) चित्र इतकं पुसट, की उत्तरा उशीलाच विचारायची, मावशी बरी आहेस ना?

पण मलाही ती पुसटच दिसायची. हसायलीय का रडायलीय, कळायचं नाही. माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी पल्लवी कॉलेजात कम्प्युटरचंच शिकते. ती म्हणाली, अज्जी, वायफायच्या डब्यातनं दोन वाटा निघतात. एक दोन पॉइंट चारची, पॅसेंजर गाडीसारखी. भिंतीपलीकडं जाते, पण रखडत. दुसरी पाचची, वेगवान, पण भिंत आली की दमते. कम्प्युटर सवयीनं पॅसेंजरच धरतो. (आमच्या ह्यांचाच कम्प्युटर तो, दुसरं काय करणार!) तिनं तो स्वयंपाकघरातनं डब्यापाशी आणला आणि सेटिंगमध्ये पाचला पहिला मान दिला.

काल उत्तरा दिसली. अक्का, लेकीच्या केसात पांढरी बट आलीय गं. मी बघतच राहिले. तीही बघत राहिली, आणि म्हणाली, "आई, मावशीच्या खांद्याला उशीची गुंडी कशी?" मी म्हटलं, मावशी अंघोळीला गेलीय. "बरं. पुढच्या रविवारी तिच्याशीच बोलते. नसली तर तुझं तिकीट काढते."

तुझी,
भागू

ता. क. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. दोन कपडे जास्त आण.

ता. क. दुसरा : पल्लवी म्हणाली, अज्जी, परत जुन्या वाटेवर टाकते, मावशी खपून जाईल. नको म्हटलं. तू नाहीस आलीस तर जाईन मी पुण्याला, पण आता चित्र पुसट करायची नाही.