पालखीला न दिलेला खांदा

२३ मार्च २००३, रविवार

आज अंगणात शिमग्याची पालखी नाचली आणि हे भिंतीला टेकून नुसते बघत राहिले. दरवर्षी लोट्याच्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत भांडून रजा काढतात ती याचसाठी. पालखी एकदा खांद्यावर आली की घामाघूम होईपर्यंत सोडत नाहीत. आज मानकरी म्हणाले, "अनंता, खांदा दे." तर हे म्हणाले, "खांदा दुखतोय, काका." सासूबाई लगेच म्हणाल्या, "रात्रपाळ्या करून अंग मोडलंय त्याचं." सगळ्यांना पटलं.

मलाही इतके दिवस पटतच होतं. शिमग्याआधी डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, मी म्हटलं, रात्रपाळी असते. जेवण? कंपनीतल्या वासाने मळमळतं. गप्प गप्प असतात? दमतात हो. हे बाजूला बसून होते, पण सगळी उत्तरं मीच दिली. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, जमलं तर शिफ्ट बदलून घ्या म्हणाले.

पण आता आठवडाभर रजाच आहे. ना रात्रपाळी, ना तो वास. तरी पहाटे उठून पडवीत बसलेले असतात, ताटातलं तसंच राहतं. मग हे कशावर ढकलायचं?

संध्याकाळी मी तेल कोमट करून यांचा खांदा चोळायला बसले. कुठे दुखतंय म्हणून विचारलं. त्यांनी माझा हात बाजूला केला. मग म्हणाले, "कुठेच नाही. पालखी दारात आली आणि मला काहीच वाटलं नाही गं."

उद्या पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. हेच वाक्य यांनी तिथे सांगायला हवं. मी मध्ये बोलणार नाही.