सत्तावीस तारखेच्या आत

मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३
स्वरयंत्रच काढणार! सत्तावीस तारखेला. डॉक्टर सांगत होते आणि माझा भाऊ वर्लिन, ज्याचा गळा कापणार तोच, नुसता मान डोलावत होता, ट्रॅक्टरची दुरुस्ती ऐकत असल्यासारखा. गाडीत बसल्यावर म्हणाला, "चला, आता घरात तुझंच चालणार." मला हसू येईना. गाडी कडेला घेतली आणि रडले.

बुधवार, १५ ऑक्टोबर
चौदा वर्षं झाली बँडला. वर्लिनची गिटार आणि गाणं, माझी बास गिटार आणि त्याच्या गाण्यामागे माझ्या गळ्याचा साथीचा सूर, ड्रमवर हॉलिस. कंट्री संगीतवाले म्हणायचे हे रॉक आहे, रॉकवाले म्हणायचे गावंढळ आहे. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने एकदा बोलावलं होतं, तर "काउबॉय हॅट घालणार नाही" म्हणून हा पठ्ठ्या उठून आला! चार रेकॉर्ड आमच्या आम्हीच काढल्या, व्हॅनच्या मागच्या दारातून विकल्या.

पाचवीची अकरा गाणी तयार आहेत. त्याचा आवाज तेवढा ऑपरेशनआधी रेकॉर्ड करून ठेवायचा. माझा मागाहून घालता येईल. दुसरं काही नको मला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
विचारलं. "तूच गा की," म्हणाला. डोकंच फिरलं माझं. एका माइकपुढे इतकी वर्षं त्याला खेटून उभी राहिले ती काय त्याची जागा घ्यायला? मुख्य ओळ मी जन्मात गायले नाही.

शेवटी कबूल झाला, पण अट घातली. हॉलिसच्या कोठारात तो आणि हॉलिस, दोघंच. मी यायचं नाही!

बुधवार, २२ ऑक्टोबर
शाळेची मुलं घरोघर सोडली, माझी स्कूलबस जागेवर लावली आणि मुद्दाम कोठारावरून गेले. दार बंद. ड्रम तेवढे ऐकू आले. हॉलिसला खोदून खोदून विचारलं, तर नजर चुकवत म्हणाला, चांगलं चाललंय.

फार लागलं मला. जेवताना वर्लिनला नको नको ते बोलले. आजारपणाचा तोरा मिरवतोस म्हणाले! त्याने बीन्सची वाटी पुढे सरकवली. "खा. गार होतंय."

सोमवार, २७ ऑक्टोबर
आत नेलं त्याला. मी म्हटलं, बोल ना काहीतरी. खूप विचार केल्यासारखं करून म्हणाला, "व्हॅनचं ऑइल बदल."

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर
आज हसला. आवाज आला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
हॉलिसने कोठारातल्या रेकॉर्डिंगची सीडी आणून दिली.

अकराच्या अकरा गाण्यांत वर्लिन साथीचा सूर गायलाय. माझा! मी श्वास कुठे घेते, कुठे थोडी मागे राहते, सगळं तसंच. मुख्य ओळ कुणीच गायलेली नाही, ती मोकळी ठेवलीय.

आणि मला चौदा वर्षं वाटत होतं, हा माझं ऐकतच नाही.